गाडी नंतर, आधी मुक्काम

शक्तिपीठ महामार्गाची आखणी, मोबदला आणि विरोध यांच्या बातम्या थांबायचं नाव घेत नाहीत. पवनार ते पत्रादेवी या सुमारे ८०२ किलोमीटरच्या मूळ आराखड्यात वर्ध्यानंतर लगेच आपला यवतमाळ जिल्हा येतो. ज्यांची जमीन जाणार त्यांच्यासाठी हा जगण्याचा प्रश्न आहे आणि त्याचा निवाडा या लेखात होणार नाही. पण या बातम्यांच्या निमित्ताने वेगळीच एक चर्चाही कानावर येते. माहूर, तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर आणि तिथून खाली गोवा, असा पंधरा दिवसांचा प्रवास आजी-आजोबा, लेकरं आणि स्वयंपाकाच्या सामानासकट करायचा, तर झोपायची सोय असलेली गाडीच का घेऊ नये? घ्यायची तर इंजिनासकट एकसंध मोटरहोम घ्यावं, की आपल्या कारमागे जोडून ओढायची कॅराव्हॅन?

माझं मत आधीच सांगून टाकतो. यवतमाळहून निघणाऱ्या कुटुंबाने आज मोटरहोम निवडावं, तेही भाड्याने. पण दोन्ही गाड्यांची खरी परीक्षा रस्त्यावर होत नाही, ती रात्री मुक्कामाला होते. पैसे मोजण्याआधी मुक्कामाचा विचार करणारी माणसं मला फार कमी भेटली, म्हणून हा लेख.

ओढायची की चालवायची?

ओढायच्या कॅराव्हॅनचा मोठा गुण म्हणजे मुक्कामी पोचलं की ती सोडून ठेवता येते आणि कार मोकळी होते. एका जागी आठवडाभर राहून आसपास फिरायचं असेल तर तिला तोड नाही. तिला इंजिन नाही, त्यामुळे देखभालही कमी. ब्रिटनमध्ये हा प्रकार खोल रुजला. तिथला कॅराव्हॅन क्लब १९०७ सालचा आहे आणि कॅराव्हॅन उभी करायच्या ठरलेल्या जागा देशभर आहेत.

आपल्याकडे अडचण सुरू होते ती कागदापासून. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, म्हणजे त्याची नोंदणी आली आणि विम्याची चौकशीही आली. त्यानंतर प्रश्न वजनाचा. भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपुढे जाऊ नये, असा सल्ला नवख्या चालकांना ब्रिटनमध्ये दिला जातो. म्हणजे १९०० किलोच्या एसयूव्हीमागे साधारण १६०० किलो. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेलीच नसते. ती दिलेली नसेल तर तो विषय तिथेच सोडावा. सामान मागच्या बाजूला जास्त भरलं की वेगात कॅराव्हॅन डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते आणि पुढच्या गाडीलाही खेचते. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. जिनिंगच्या आवारात कापसाची ट्रॉली मागे घेणाऱ्या आपल्या ट्रॅक्टरचालकांना हे सहज जमेल, पण कारच चालवलेल्या माणसाने मोकळ्या मैदानात सराव केल्याशिवाय या फंदात पडू नये.

माझ्या दृष्टीने निकाल लावणारा मुद्दा मात्र माणसांचा आहे. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणी बसायचं नसतं. सगळं कुटुंब कारमध्येच मावलं पाहिजे. सहा-सात माणसांच्या घराला तिथेच घाम फुटतो. गुडघे धरलेल्या आजीला पाय लांब करता येत नाहीत आणि आजोबांना दर तासाला उतरावं लागलं तर गाडी थांबवावी लागते.

मोटरहोममध्ये बेल्टच्या सीटवर सगळे एकत्र बसतात आणि शौचालय चार पावलांवर असतं. आपल्याकडे ते बहुतेकदा टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेलं असतं, त्यामुळे आर्णीत किंवा उमरखेडला बंद पडलं तरी हात लावणारा मेकॅनिक मिळतो. एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन वाहनांत मोडते. उणिवाही आहेतच. भाजी आणायला जायचं तरी अख्खं घर आवरून घ्यावं लागतं, आणि गाडी गॅरेजमध्ये गेली की घरही तिच्यासोबत जातं.

जुनी ट्रॅव्हलर घेऊन ओळखीच्या कारागिराकडून आत पलंग आणि ओटा बसवून घ्यायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी घेतलेली गाडीच पाहावी.

पंचेचाळीस अंशांतली रात्र

आता आपल्या उन्हाळ्याचा हिशेब. मे महिन्यात दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या डब्यात एसीशिवाय झोप लागत नाही. एक टनाचा एसी चालू असताना साधारण एक किलोवॅट वीज ओढतो. कॉम्प्रेसर मधून मधून थांबतो असं धरलं तरी रात्रीचे पाच युनिट गेले. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण रिकामी केली तरी जेमतेम सव्वा युनिट देते. छतावरचं ३०० वॉटचं सौर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला तेवढंच भरून काढतं. म्हणजे बाहेरून वीज मिळाली नाही तर जनरेटर आला.

आणि जनरेटर जीव घेऊ शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचं तपासात निघालं. या वायूला वास नाही, झोपलेला माणूस जागाही होत नाही. तेव्हा भाड्याच्या गाडीत या वायूची सूचना देणारं यंत्र आहे का, हे पहिलं विचारा. दुसरं, बाहेर पडायची वाट. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस दाराच्या अंगावर उलटली, पेटली आणि २५ प्रवासी गेले. विदर्भातल्या किती तरी घरांत ते दुःख अजून ओलं आहे. मुख्य दार दबलं तर दुसरीकडून बाहेर कसं पडायचं, हे गाडीतल्या प्रत्येकाला निघण्याआधी करून दाखवा.

तांड्याकडून शिकावं असं

घर घेऊन फिरण्याची विद्या या जिल्ह्याला नवी नाही. पुसद, दिग्रस, उमरखेड भागातल्या बंजारा तांड्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. आजच्या यवतमाळला वणी जिल्हा म्हणत (नाव १९०५ साली बदललं), त्या काळात वऱ्हाड पोलिसांतले अधिकारी कंबरलेज यांनी बंजारांवर एक टिपण लिहिलं. त्याच्या आधारे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात एक परंपरा नोंदवली आहे. मोगल वजीर आसफखानाच्या दख्खन मोहिमेत जंगी आणि भंगी या नायकांचे बैल फौजेला रसद पुरवत होते. बैलांना चारा मिळेना, तेव्हा नायकांनी तक्रार केली आणि त्यांना ताम्रपट मिळाला. त्यात पाण्याचा आणि छपरावरच्या गवताचाही हक्क होता.

मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. हजारो बैलांचे मालक असलेल्या नायकांनी आणखी बैल मागितले नाहीत. त्यांनी मुक्कामाला लागणाऱ्या गोष्टी मागितल्या, कारण तांडा चालतो तो रात्रीच्या चाऱ्या-पाण्यावर. तळ कुठे टाकायचा हा नायकाचा सगळ्यात मोठा निर्णय असे. पाणी, गवत आणि निर्धास्त झोप. आज गवताच्या जागी विजेचा पॉइंट आला, एवढाच फरक.

पुढे रेल्वे आणि गाडीरस्त्यांनी हा व्यापार मोडला. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातल्या अनेक फिरत्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो पुसायला १९५२ उजाडलं. तांडे स्थिरावले आणि पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातून वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री झाले. फिरत्या कुटुंबाला काय लागतं, याचं ज्ञान ज्या जिल्ह्याच्या मातीत आहे, त्याने आलेल्या कुटुंबाला पेट्रोलपंपामागे झोपायला लावू नये.

शेतातला मुक्काम

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात वाहनांइतकाच कॅराव्हॅन पार्कचा विचार आहे. त्याआधी २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं, त्यात एक एकराच्या शेतकऱ्यालाही वाव आहे. ही दोन धोरणं आपल्या जिल्ह्यात एकत्र आणावीत, असं मला कळकळीने वाटतं. राष्ट्रीय महामार्ग ३६१ उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब असा जातो आणि ४४ पांढरकवड्यावरून. कळंबचा चिंतामणी, टिपेश्वरचं सुन्ना गेट, पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा ही ठिकाणं याच वाटांच्या आसपास आहेत.

शेतकऱ्याला यासाठी हॉटेल बांधायचं नाही. मुरूम टाकून सपाट केलेली दोन गाड्यांची जागा, अर्थिंगसह १५ अँपिअरचा पॉइंट, एक नळ, सेप्टिक टँकला जोडलेलं चेंबर आणि रात्री बंद होणारं फाटक एवढं पुरे. वीज शेतपंपाच्या जोडणीवरून देता येणार नाही, त्यासाठी वेगळं मीटर हवं आणि ते सहज मिळावं ही जबाबदारी प्रशासनाची. चेंबरचा आग्रह यासाठी की गाडीतल्या शौचालयाची सुमारे २० लिटरची टाकी चौघांना दोन दिवसच पुरते. ती नाल्यात रिकामी होऊ लागली तर गाव अशा गाड्यांना थारा देणार नाही, आणि गावाचंच बरोबर असेल.

पाण्याचे पैसे वेगळे घ्यावेत. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं कोरडी पडली तेव्हा यवतमाळकरांनी काय भोगलं ते आपण विसरलेलो नाही. पाहुण्यांच्या गाडीत भरलेले शंभर लिटर कुणाच्या तरी विहिरीतले असतात. कापसावर वर्षाचा हिशेब लागणाऱ्या घरात हा पैसा थोडा असेल, पण पाऊस आणि भाव यांच्यावर तो अवलंबून नसेल. महामार्गालगतची कमाई मोठ्या फूडमॉलवाल्यांच्या हाती जाण्याआधी ही वाट शेतकऱ्याला मोकळी करून द्यायला हवी.

तोवर प्रवासाला निघणाऱ्यांनी नकाशा घेऊन प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं नाव लिहावं आणि फोन करून वीज, पाणी, शौचालयाची टाकी रिकामी करायची सोय आणि फाटक या चार गोष्टी विचाराव्यात. रोज नवा मुक्काम असेल तर मोटरहोम, एकाच जागी आठवडा असेल आणि ओढायला योग्य गाडी घरात असेल तर कॅराव्हॅन. निम्म्या रात्रींपुढे नाव लिहिता आलं नाही, तर यंदा साधी ट्रॅव्हलर ठरवून धर्मशाळा आणि भक्तनिवासांत राहावं. त्यात आजी-आजोबांची झोप नक्की होईल.