बाण अचूक लागतो, चेंडू का चुकतो?

जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशियाई चषकात भारताचा फुटबॉल संघ ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडूनही एकही गोल न करता हरला; त्याआधी आठच महिने, मे २०२३ मध्ये, बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला १४९-१४८ असे नमवून सुवर्णपदक पटकावले होते. एका जिल्ह्यातून असा विजेता घडतो, तर एवढ्या मोठ्या देशाला अकरा फुटबॉलपटू का मिळू नयेत, हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्यात दोन वेगळ्या जातींच्या कौशल्यांची गल्लत होते.

कंपाउंड तिरंदाजीत लक्ष्य पन्नास मीटरवर स्थिर असते; परिस्थिती फारशी न बदलणारे असे ‘बंद कौशल्य’ एका जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, एकाच मैदानावर घोटता येते. फुटबॉल हे ‘खुले कौशल्य’ आहे, म्हणजे चेंडू पायाशी येण्यापूर्वीच खेळाडूने मान वळवून मागचा प्रतिस्पर्धी, मोकळी जागा आणि सहकाऱ्याची धाव हेरलेली असावी लागते, आणि ही नजर लहानपणापासून तोडीस तोड संघांशी शेकडो सामने खेळल्यावरच तयार होते. सामने मात्र मैदानावर अवलंबून असतात, आणि विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगून चिकटते, तर उन्हाळ्यात भेगाळते. चार लाखांहून कमी वस्तीच्या आइसलँडने हिवाळ्यावर बंदिस्त मैदानांचा उपाय केला आणि २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला १-१ असे रोखले. तेव्हा लोकसंख्येचे आकडे नाचवण्यापेक्षा तालुक्यात मुलांचे वर्षाला किती सामने होतात, तेच मोजलेले बरे.