खिडकीतले कृष्णकमळ

कृष्णकमळाचे फूल तुम्ही पाहिले असेलच. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या फाटकावर ही वेल हमखास दिसे. अजूनही कोठे कोठे दिसते. फुलाच्या जांभळ्या तंतूंना आपल्याकडे शंभर कौरव म्हणतात आणि मधल्या पाच पुंकेसरांना पांडव. कौरव एकदा मोजून पाहा, शंभर भरतीलच असे नाही! महाभारत जिला असे चिकटले, ती वेल मूळची अमेरिकेतली.

फ्लॅटच्या खिडकीतही ही वेल वाढते. पण पानेच पाने येतात, फूल एकही नाही, अशी अनेकांची तक्रार असते. दोष बहुधा उजेडाचा असतो. ‘खोलीत तर लख्ख उजेड आहे,’ असे तुम्ही म्हणाल. इथे आपला डोळा आपल्याला फसवतो. भर उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो, तर खोलीच्या मध्यावर तो अनेकदा ५०० लक्सही भरत नाही. डोळा स्वतःला जुळवून घेतो, म्हणून हा दोनशेपट फरक आपल्याला जाणवत नाही. पानाला अशी सोय नाही.

मग खिडकी कोणती निवडावी? पुण्याचे अक्षांश १८.५ अंश उत्तर. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे ४८ अंशांवर असतो. वर छज्जा नसेल, तर एक मीटर उंच दक्षिण खिडकीतून ऊन सुमारे ९० सेंटिमीटर आत येते. परंतु मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेस असतो आणि त्या खिडकीत थेट ऊन मुळीच येत नाही. पूर्वेच्या खिडकीत मात्र बाराही महिने सकाळचे ऊन येते. मी तिलाच पसंती देईन. कुंडी १२ इंची, तळाला भोक असलेली घ्या. पाणी साचले की मुळे कुजतात.

वेल गजांना धरते ती तणाव्यांनी. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. कृष्णकमळाच्या एका जातभाईचा तणावा स्पर्श होताच अर्ध्या मिनिटात वळू लागतो, असे त्याला आढळले होते. टोकाने गज पकडला की तणाव्याची स्प्रिंग बनते. वारा आला तर ती ताणली जाते, तुटत नाही.

ही स्प्रिंग नीट पाहा. अर्ध्या भागात वेटोळी एका दिशेने, पुढे थोडा सरळ तुकडा आणि उरलेल्या भागात उलट दिशेने! असे का बरे? दोन्ही टोके पक्की बांधलेली रिबीन मधोमध पेन्सिलीवर गुंडाळून पाहा. पेन्सिलीच्या एका बाजूला उजवा पीळ पडेल, दुसऱ्या बाजूला डावा. टोके फिरू शकत नसतील, तर दोन्ही पिळांची बेरीज शून्यच राहायला हवी. आता तणाव्याची दोन्हीकडची वेटोळी मोजा. ती साधारण सारखीच भरतील.