कुपी शंभराची, पिल्ले नऊ

आमच्या कोकणातल्या घरी अंड्यांचा पैसा अम्मीचा. त्याचा हिशेब अब्बासुद्धा विचारत नसत. एका उन्हाळ्यात मानमोडी आली. कोंबड्या हिरवट हगू लागल्या, माना वाकड्या झाल्या आणि आठवड्यात खुराडे रिकामे. अम्मी काही बोलली नाही. खुराड्याचे दार मात्र रोज मगरिबला लावायची.

या रोगावर, म्हणजे राणीखेतवर, औषध नाही. लस आहे. पिल्लू 5 ते 7 दिवसांचे झाले की लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. अडचण पैशांची नाहीच. कुपी 100 पिल्लांची. एकदा मिसळली की बर्फात ठेवून दोनेक तासांत संपवायची. आणि घरात पिल्ले नऊ! मग कोण आणतो?

यंदा आम्ही चार घरांनी खुडूक कोंबड्या एकाच दिवशी अंड्यांवर बसवल्या. 21 दिवसांनी पिल्लेही सोबतच निघाली. असरनंतर थर्मासात बर्फ घालून कुपी आणली, घरोघर फिरलो. उरलेले थेंब पलीकडच्या वाडीतल्या काकूंच्या पिल्लांना. दुसरी लस टोचायची असते, आठव्या आठवड्यात. ती तारीख अम्मीने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.