पिंगुळीच्या घरात लादीची नक्षी निवडताना

सिंधुदुर्गातलं पिंगुळी म्हटलं की चित्रं दाखवत गोष्ट सांगणारी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या. परशुराम गंगावणे यांना या कलांसाठी 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. घर बांधताना किंवा फरशी बदलताना चित्रकथीची शैली टाइल्सवर उतरवायचा मोह होतो. जरूर करा, पण भिंतीवर! चित्रकथीत राम, सीता, हनुमान असतात. ते पायाखाली नकोतच. स्वयंपाकघरात ओट्यामागची भिंत त्यासाठी उत्तम.

जमिनीला सिमेंटची नक्षीदार लादी मला सगळ्यात आवडते. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी 1922 पासून ती बनवते. ही लादी भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतून ती दाबतात आणि पाण्यात मुरवतात. रंगाचा थर जाड असल्याने नक्षी लवकर झिजत नाही. मात्र कोकमाचं आगळ सांडलं की लगेच पुसा; आंबट पदार्थ सिमेंट खातात. म्हणून ही लादी माजघरात शोभते, स्वयंपाकघरात सिरॅमिकच बरी.

पडवीला गुळगुळीत चकचकीत टाइल म्हणजे पावसाळ्यात घसरगुंडी. तिथे खरखरीत, मॅटच हवी. न्हाणीघरात छोट्या टाइल्स घ्या, सांधे जास्त म्हणून पकड जास्त. लहान खोलीत काळापांढरा पट तिरका मांडला तर जागा मोठी वाटते, पण कडेला तुकडे फार वाया जातात. साधारण 15 टक्के माल जास्त घ्या.

आणि मिस्त्रीला सिमेंट कालवू देण्याआधी लाद्या कोरड्याच मांडून बघा. कुणाकडे जुन्या लाद्यांचे फोटो असतील तर कमेंटमध्ये टाका!