दोर ढिला सोडायचा कधी?

माझे वडील नांदेडच्या स्टेशनावर टांगा चालवत. म्हणजे घोडा आमच्या घरचाच. पण खरं सांगतो, तो मला कधी समजला नाही. अब्बांच्या हातात चाबूक असे आणि घोड्याचे कान सदा मागे पडलेले. तसे चिकटून मागे पडलेले कान म्हणजे राग किंवा धास्ती, हे मला उमगलं वयाच्या चोपन्नाव्या वर्षी.

झालं असं. आमच्या गल्लीत एका गृहस्थांकडे वरातीची घोडी आहे. त्यांना सारेच मामू म्हणतात. गेल्या लग्नसराईत फटाक्यांची माळ पेटली आणि घोडी नवरदेवासकट उधळली. नवरदेव वाचला, पण मामूंच्या पुढच्या सुपाऱ्या गेल्या. मामू वैतागून म्हणाले, ‘‘माळेगाव को ले जातूं, बेच डालतूं.’’ लोहा तालुक्यातलं माळेगाव आपल्याला ठाऊक आहेच. वेळा अमावस्येच्या सुमारास खंडोबाच्या यात्रेत तिथं घोड्यागाढवांचा मोठा बाजार भरतो. बुजऱ्या घोडीला तिथं कसला धनी मिळणार? मी यात्रेपर्यंतची मुदत मागून घेतली.

मुदत मागितली खरी, पण माझी नोकरी लातूरला. शनिवारी रात्री नांदेडला यायचं, सोमवारी पहाटे एसटी धरायची. हाती उरला तो रविवार. चाबुकस्वाराला पैसे देण्याची ऐपत मामूंची नाही आणि कवीच्या खिशाविषयी तर बोलायलाच नको! मग ठरलं असं की रविवारी मी, आणि इतर दिवशी मामूंचा नातू शाळेआधी पंधरा मिनिटं. सामान काय? सुती म्होरकी, बारा हातांचा दोर, एक वेताची काठी आणि खडे घातलेला डालड्याचा जुना डबा.

आधी थोडं वाचलं. अमेरिकेतल्या टॉम डॉरन्स या गुराख्याचं ‘ट्रू युनिटी’ हे पुस्तक 1987 साली आलं. मारझोड न करता घोड्याच्या स्वभावानं जाण्याची जी रीत आज जगभर शिकवली जाते, तिच्या मुळाशी असलेल्यांत हा एक. पण गोष्ट नवी नाही. झेनोफन या ग्रीक सेनानीनं सुमारे तेवीसशे-चोवीसशे वर्षांपूर्वीच घोड्याशी रागात वागू नये, असं लिहून ठेवलं आहे.

या रीतीचं मर्म एवढंच की घोडा हा शिकारी नव्हे, शिकार होणारा जीव आहे. म्हणून त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. आपण नेमके समोरून हात उगारून जातो, नाही तर मागून. खांद्याच्या बाजूनं, तिरकं, सावकाश जावं.

दुसरं, घोडा ओढण्यानं शिकत नाही, ओढ सोडण्यानं शिकतो. दोराला हलका ताण द्यायचा आणि थांबायचं. त्यानं अर्धं पाऊल पुढं टाकलं की त्याच क्षणी दोर ढिला. दोन-चार सेकंद उशीर झाला तर कशाबद्दल सुटका मिळाली, हे त्याला कळत नाही. मी पहिले तीन रविवार उशीरच करत होतो. नातू मात्र झटकन शिकला. (दोर हाताला कधी गुंडाळू नये. जनावर उधळलं तर बोटं जातात.)

आवाजाचंही तसंच. नातवानं लांब उभं राहून डबा हळू वाजवायचा. घोडीचे कान ताठ झाले, मान वर गेली, पण पाय जागीच राहिले आणि मान खाली आली की डबा बंद. मग एक पाऊल जवळ. ती बिथरली तर आपण घाई केली असं समजून दोन पावलं मागे. हुजूर साहिबच्या दसऱ्याच्या हल्ल्यात, एवढ्या गर्दीत आणि जयघोषात चालणारे घोडे मी लहानपणापासून पाहत आलो. घोडा गोंगाटाला सरावतो, याची खात्री तिथूनच होती.

एका रविवारी मात्र काही केल्या जमेना. घोडी डब्याआधीच थरथरायची. मग बर्लिनचा हान्स आठवला. हा घोडा टापा आपटून गणितं सोडवतो, अशी शंभरेक वर्षांपूर्वी ख्याती होती. 1907 मध्ये ओस्कार फुंग्स्ट या संशोधकानं दाखवलं की हान्सला गणित येत नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेची नकळत होणारी बारीकशी हालचाल पाहून तो थांबायचा. आमच्या घोडीनंही माझंच अंग वाचलं असणार. त्या दिवशी घरी भांडून आलो होतो, खांदे आवळलेले, श्वास छातीत. मी दोर नातवाकडे दिला आणि ओट्यावर जाऊन बसलो.

तिथं बसल्यावर अब्बा आठवले. दिवसाची कमाई झाली नाही तर चूल पेटत नसे. घोड्याला वेळ द्यायला त्यांच्याकडे पंधरा मिनिटं होती कुठं? आता ते नाहीत, टांगेही नाहीत.

यात्रेच्या आधी घोडी बँडच्या मागे शांतपणे चालू लागली. फटाक्यांना मात्र अजून बुजते. मामूंनी आता सुपारी घेतानाच ‘माळ लावणार नाही’ असं कबूल करून घ्यायला सुरुवात केली आहे. त्यानं काही गिऱ्हाइकं गेली, त्याची कुरकुर ते माझ्यापाशी करतात. माळेगावला गेले ते एकटेच. येताना नवा तोबरा घेऊन आले.