कमी फिरलेल्या मोटारीचें मोल

जुनें सोनें, जुनी भांडीं किंवा जुनें घर यांची वांटणी करण्याची रीत आपल्या एकत्र कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. वजन करावें, माप घ्यावें, जाणत्या चार माणसांनीं भाव सांगावा, कीं काम संपलें. परंतु घरांतील जुन्या मोटारीची किंमत ठरविण्याची वेळ आली म्हणजे शहाणींसुरतीं माणसेंहि गोंधळतात. आणि ती मोटार वयानें मोठी पण फिरलेली अगदीं थोडी अशी असली, तर गोंधळाचें भांडण होण्यास उशीर लागत नाहीं. २०२५ च्या दिवाळींत वारूळवाडीस आमच्या काकूंच्या घरीं असा एक प्रसंग आम्हीं पाहिला, व त्यांत थोडा भागहि घेतला. तो वाचकांपुढें मांडावासा वाटतो, कारण अशी एक तरी मोटार आज पुष्कळांच्या अंगणांत झांकून ठेवलेली असेल.

वारूळवाडी हें पुणें-नाशिक रस्त्यावर नारायणगांवाला अगदीं लागून असलेलें गांव. भोंवतीं ऊस, द्राक्षें आणि टोमॅटो यांचें रान. आमचे काका निवृत्त झाल्यावर तेथेंच राहिले, आणि २०११ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं पेट्रोलवर चालणारी एक वॅगन-आर मोटार नवी घेतली. चतुर्थीला ओझरास विघ्नहराच्या दर्शनाला जावें, वर्षांतून दोनतीन वेळां पुण्यास यावें; बाकी मोटार पत्र्याखालीं उभी, वर जुन्या लुगड्याची गोधडी. २०२४ च्या उन्हाळ्यांत काकांनीं अंथरूण धरलें व भाद्रपदांत ते गेले. तेव्हांपासून मोटार जागची हलली नव्हती. मीटरवर आंकडा होता २१,४३७ किलोमीटर.

गिऱ्हाईक जवळचेंच होतें. हायस्कुलांतील एक मास्तर. पत्नी नारायणगांवच्या एका दवाखान्यांत परिचारिका, आठवड्यांतून तीनदां रात्रपाळी. राहण्याचें घर गांवाबाहेर उसाच्या फडांना लागून. जुन्नर तालुक्यांत बिबट्यांचा वावर किती वाढला आहे हें वाचकांस ठाऊक आहेच. पहाटेच्या अंधारांत त्या वाटेनें दुचाकीवरून येणें म्हणजे जीव मुठींत धरून येणें. मास्तरांनीं सवा लाख रुपये सांचविले होते, आणि तेवढेच होते.

आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, त्यांनीं दोन लाखांखालीं बोलायचें नाहीं असें ठरवूनच पुणें सोडलें होतें. "चौदा वर्षांत एकवीस हजार! नवीच म्हणा ना," हा त्यांचा मुद्दा, आणि आधाराला जाहिरातींतले आंकडे. धाकट्या नानांनीं एका दलालाकडून नव्वद हजारांचा बोल आणला होता; देऊन टाकावी व मोकळें व्हावें, हें त्यांचें म्हणणें. काकू एवढेंच म्हणाल्या, "ह्यांची गाडी आहे. कोणाला ठकवून विकायची नाहीं, आणि फुकट घालवायचीहि नाहीं." मग सर्वांनीं हिशेब आमच्यावर सोंपविला.

जाहिरातींतील आंकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा होय, विक्री नव्हे. त्यांतून २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जी. एस. टी. अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, नव्या मोटारी स्वस्त झाल्या, आणि त्यांच्या मागोमाग जुन्यांचे भावहि उतरले. उन्हाळ्यांतील जाहिरात दिवाळीला उपयोगाची नाहीं. विम्याच्या कागदावरील रक्कमहि किंमत नव्हे. विमेवाल्यांचें घसाऱ्याचें कोष्टक पांच वर्षांना निम्म्यावर येऊन थांबतें. पुढें ती रक्कम विमेवाला व मालक आपसांत ठरवितात. दलालालाहि आम्ही लुटारू म्हणणार नाहीं. त्याला मोटार दुरुस्त करावयाची, महिनोन् महिने भांडवल गुंतवावयाचें, आणि नफ्यावर अठरा टक्के कर भरावयाचा असतो. पण तो खर्च शेजाऱ्याला विकतांना नाहीं, तेव्हां ती किंमत आपण कां धरावी?

दादांच्या मनांत जुना काळ घर करून होता असें आम्हांस वाटतें. एके काळीं नव्या मोटारीसाठीं वर्षानुवर्षें नंबर लावून बसावें लागे. किंमतींवर सरकारचें नियंत्रण होतें, आणि कारखान्यांनीं नव्या मोटारीची उचित किंमत कोणती घ्यावी हा वाद १९७१ सालीं थेट सर्वोच्च न्यायालयांत गेला. कुर्ल्याचा प्रीमियर कारखाना त्यांत वादी होता. त्या दिवसांत थोडी फिरलेली फियाट नव्या फियाटीहून अधिक रुपये आणी, कारण ती आज मिळे व नवी कधीं मिळेल तें देव जाणे. थोडें फिरणें म्हणजे सोनें, ही समजूत तेव्हांपासूनची. आज दुकानांत पैसे मोजले कीं नवी मोटार दारांत येते.

म्हणून आम्हीं प्रथम खरी झालेली विक्री शोधली. मंचरच्या एका स्नेह्यांनीं त्याच सालची, त्याच जातीची, ऐंशी हजार किलोमीटर फिरलेली मोटार दसऱ्याला एक लाख पस्तीस हजारांना दिली होती. हा आमचा खुंटा. आतां आपली मोटार त्याहून साठ हजार किलोमीटर कमी फिरली, त्याबद्दल वर किती चढावें?

दादा म्हणाले, किलोमीटरला रुपया, म्हणजे साठ हजार. येथें आम्हांला थांबावें लागलें. न फिरलेले किलोमीटर घेणाऱ्याच्या उपयोगी पडले तरच त्यांचें मोल. मास्तरांचें फिरणें वर्षाला फार तर सातआठ हजार. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. २०२२ पासून त्याची फी पांच हजार आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरील मोटारीला ती दहा हजार झाली. शिवाय पर्यावरण कर निराळा. म्हणजे मास्तर ही मोटार सहा वर्षें, सुमारें पंचेचाळीस हजार किलोमीटर, वापरतील असें धरावें. तेवढें फिरणें मंचरच्या मोटारींतहि शिल्लक होतेंच! फरक इतकाच, कीं तिला वाटेंत क्लच, झटके सोसणारे दांडे व आंतील झिजलेले भाग बदलावे लागतील, हिला बहुधा लागणार नाहींत. तो फरक तीस हजारांचा, असें नारायणगांवच्या मिस्त्रींनीं सांगितलें व आम्हांस पटलें.

मिस्त्रींनीं मग मोटारीखालीं अंग घातलें, आणि चित्र पालटलें. टायरांवरील नक्षी नव्यासारखी खोल. पण कडेवर चार आंकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तेथें ३८११ असें होतें. चौदा वर्षांचें रबर बाहेरून काळेंभोर दिसलें तरी आंतून तडकतें, आणि वेगांत फुटतें. चारहि टायर बदलणें भाग होतें. बॅटरी मेलेली. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून खराब झालेलें, पाण्याच्या नळ्या व पट्टा कडक पडलेला, टाकींत दीड वर्षाचें शिळें पेट्रोल. उंदरांनीं वायरींचा एक जुडगा कुरतडला होता. उसाच्या रानांत हें ठरलेलेंच. उभी मोटार झिजत नाहीं ही भ्रांति आहे. रबर, तेल आणि बॅटरी यांना मीटर ठाऊक नसतो, पंचांग ठाऊक असतें. ओझरपर्यंतच्या लहान खेपाहि इंजिनाच्या हिताच्या नव्हत. तें पुरतें तापण्याआधींच बंद होतें व तेलांत ओल राहते.

आणि मीटर तरी खरा कशावरून? हा प्रश्न मास्तरांनीं संकोचानें विचारला, दादा रागावले. आमच्या मतें प्रश्न रास्त होता. मीटर मागें फिरविणारे लोक बाजारांत आहेत. पायाखालचीं रबरें, चालकाची बैठक, सुकाणूची झीज हें सर्व आंकड्याशीं जुळतें कीं नाहीं तें पाहावेंच लागतें. तेव्हां काकू उठल्या आणि देवघराच्या फडताळांतून एक लांबट वही घेऊन आल्या. काकांच्या अक्षरांत प्रत्येक वेळच्या पेट्रोलाची तारीख, लिटर व मीटरचा आंकडा. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती टांचलेली. १३ वर्षांच्या नोंदी, एकहि खाडाखोड नाहीं. मोटारींत सर्वांत मौल्यवान वस्तु कोणती असेल तर ती ही वही. तिनेंच तीस हजार पक्के केले. ती नसती तर आम्ही पंधराहि चढविले नसते. शेवटची नोंद मात्र एप्रिल २०२४ ची होती, म्हणजे मोटार दीड वर्ष उभी होती हेंहि तिनेंच उघड केलें. नानांना ती दाखवूं नये असें वाटलें होतें.

आतां बेरीज-वजाबाकी. एक लाख पस्तीस हजार, अधिक तीस. वजा टायर पंधरा हजार, बॅटरी साडेचार, तेलें-नळ्या-ब्रेक नऊ, वायरी अडीच, एकूण एकतीस. राहिले एक लाख चौतीस हजार, म्हणजे ऐंशी हजार फिरलेल्या मंचरच्या मोटारीइतकेच. दादा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मास्तरांनीं नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्चहि वजा मागितला, तो आम्हीं दिला नाहीं. मंचरची मोटार त्याच सालची, तो भार तिच्या किंमतींत आलेलाच आहे. नव्या पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें व त्यासाठीं ही मोटार बनलेली नाहीं, हेंहि खरें. पण तें दोघींना सारखेंच लागू.

एक चूक घरची निघाली. काकांच्या पश्चात् मोटार वारसाच्या नांवावर करावयास हवी होती. कायद्यानें तीस दिवसांत कळवावयाचें व तीन महिन्यांत अर्ज करावयाचा. तें राहून गेलें होतें. काकांच्याच नांवावर मोटार परस्पर देऊन टाकण्याची नानांची सूचना होती. आम्हीं स्पष्ट नको म्हटलें. नोंदणींत ज्याचें नांव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यांत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं सांगितलेलें आहे. प्रथम ३१ नंबरचा फॉर्म भरून काकूंचें नांव, मग २९ व ३० भरून मास्तरांचें. विलंबाचा दंड व नव्या पद्धतीच्या नंबरपाटीचा खर्च विकणाऱ्यांनींच सोसावयाचा ठरला.

मास्तरांजवळचा सवा लाख आणि हिशेबाचे एक लाख चौतीस, यांमध्यें नऊ हजारांचें अंतर होतें. काकूंनीं तीन हजार सोडले, "घरच्या गाडीचे उंदीर घरच्यांनींच सोसायचे" असें म्हणून. बाकीचे सहा हजार मास्तरांनीं तीन महिन्यांत द्यावयाचे. एक लाख दहा हजार त्यांनीं बँकेतून त्याच आठवड्यांत पाठविले. पंधरा हजार नांव लागल्यावर. दादांनीं तिघां भावंडांचे हिस्से काढण्यासाठीं कागद पुढें ओढला, तेव्हां काकूंनीं तो घडी करून कनवटीला लावला. मोटार अजून त्यांच्या नांवावर व्हावयाची होती.

वही मोटारीबरोबर गेली. मार्गशीर्षांत आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां मास्तरांच्या पत्नी रात्रपाळी संपवून त्याच मोटारींतून येत होत्या. काकांच्या शेवटच्या ओळीखालीं एक ओळ मोकळी सोडून दुसऱ्या अक्षरांत नोंद होती: टायर चार, नवे, मीटर २१,४४९.