पाठ काही पाठ सोडेना!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी दहावीपर्यंत फक्त सेकंड लँग्वेज, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाला धरा, मला नको! तरी हा विषय मराठीतच लिहायचा ठरवला. कारण कितीही इंग्लिश मीडियम असलं तरी कंबरेत कळ आली की तोंडातून "आई गं"च निघतं.

तर झालं असं. चौथ्या सेमचा सबमिशनचा आठवडा. सलग तीन रात्री मी कॉटवर मांडी घालून, लॅपटॉप पुढ्यात आणि मान त्याच्यात, अशा अवस्थेत जर्नल्स पूर्ण करत होतो. चौथ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये बादली उचलायला वाकलो आणि कंबरेत अशी काही चमक भरली की वाकलेला तसाच राहिलो. बादली अर्धीच भरलेली होती हो! रूम पार्टनरने भिंतीला धरून धरून रूमवर आणलं. त्याच दिवशी ओरल. एक्स्टर्नल सर म्हणाले, "बसा". मी म्हटलं, "नको सर". त्यांना वाटलं केवढा आदर! खरं तर बसलो असतो तर उठवायला दोन माणसं लागली असती.

ती चमक आठ-दहा दिवसांत गेली. पण मागे एक बारीक ठसठस ठेवून गेली, ती तब्बल पाच महिने. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर लोक क्रॉनिक म्हणतात. म्हणजे विसाव्या वर्षी माझ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स नव्हतं, पण क्रॉनिक पाठदुखी होती.

या पाच महिन्यांत मी काय काय केलं ते ऐका. मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून, मेसचा नाश्ता बुडवून, रिकाम्या पोटी खाल्ल्या. पाठ थांबली नाही, पोट मात्र जळायला लागलं. (हेच औषध गुरांना दिलं जायचं, ती गुरं मेल्यावर गिधाडं खायची आणि गिधाडांच्या किडन्या जायच्या. म्हणून २००६ मध्ये आपल्याकडे त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. आपण गिधाडं नाही हे मान्य, पण डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने खायची ही गोळी नव्हे.) बाबांनी त्यांचा कंबरेचा बेल्ट कुरियरने पाठवला. कुणी म्हणालं गादी काढ आणि फरशीवर झोप, तेही केलं. गावी गेलो तर आजीने पायाळू माणूस शोधून आणला! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जो जन्मताना पायाकडून बाहेर येतो तो पायाळू, आणि उसण भरलेल्या पाठीला त्याने पाय लावला की उसण उतरते अशी आपल्याकडे समजूत आहे. मला लाथ बसली. हळूच, पण बसली.

गंमत म्हणजे आजीच्या ओळखीत या लाथेने पुष्कळ लोक बरे झालेत, आणि ती खोटं बोलत नाही. एकदम भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा दोन-चार आठवड्यांत आपोआपच उतरते. मग त्याआधी तुम्ही लाथ खा, मलम लावा नाहीतर काहीच करू नका, श्रेय शेवटच्या उपायाला जातं. माझं दुखणं पाच महिन्यांचं, त्याला लाथ पुरली नाही.

शेवटी एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं "डिस्क बल्ज". मी रिपोर्ट घेऊन रूमवर आलो आणि रात्रभर जागा. मनात आलं, आता खो-खो बंद, ट्रेकिंग बंद, कॅम्पसच्या मेडिकलमध्ये पण उडणार. आईला फोनवर "नॉर्मल आहे" म्हणून सांगितलं, कारण तिला बल्ज म्हणजे काय ते मला समजावता आलं नसतं. मलाच कुठे कळलं होतं!

दुसऱ्या डॉक्टरांनी (ऑर्थोपेडिक, वयस्कर, अजिबात घाई नसलेले) रिपोर्ट बाजूला ठेवला, मला टेबलावर झोपवून पाय वर उचलून पाहिले, अंगठ्यात ताकद लावायला सांगितली, आणि मग म्हणाले, "तुझ्या वर्गातल्या पाठ न दुखणाऱ्या मुलांचे एमआरआय काढले तरी कितीतरी जणांत हेच दिसेल." नंतर मी शोधलं. २०१५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ दुखतच नाही अशा विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांत चकतीची झीज आणि ३० टक्क्यांत बल्ज दिसतो. ऐंशीच्या लोकांत बल्ज ८४ टक्क्यांवर जातो. म्हणजे ते बरंचसं केस पिकण्यासारखं आहे. फोटोत दिसतं म्हणून तेच दुखतंय असं नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा (ज्यांची केटी आहे त्यांना आठवतच असेल). कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके आणि त्यांच्यामध्ये चकत्या, ज्यांना आपल्याकडे "मणक्याची गादी" म्हणतात. चकतीच्या मध्ये जेलीसारखा मऊ गाभा आणि भोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट कडी. पाठीचे स्नायू या चकतीपासून साधारण पाचच सेंटीमीटर मागे. आता कूलरवरचा २० लिटरचा जार घ्या, म्हणजे २० किलो. तो कंबरेपासून ४० सें.मी. पुढे धरून उचलला, तर मोमेंट झाली २० गुणिले ४०, म्हणजे ८००. ती तोलायला मागे फक्त ५ सें.मी.चा हात, म्हणून स्नायूंना ओढ द्यावी लागते १६० किलोची! वाकलेल्या धडाचं वजन मी धरलेलंच नाही. तोच जार पोटाशी घेऊन अंतर २० सें.मी. केलं, की आकडा थेट ८० वर. "गुडघे वाकवून उचल" हे सगळे सांगतात, पण "अंगाजवळ घे" हे त्याहून महत्त्वाचं आहे हे मला या आकडेमोडीनंतर कळलं.

हे नुसतं कागदावरचं नाही. जर्मनीत उल्मच्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेतल्या चकतीत चक्क प्रेशर सेन्सर बसवला आणि त्याला रोजची कामं करायला लावली. १९९९ मध्ये ते आकडे प्रसिद्ध झाले. उभं असताना ०.५ मेगापास्कल. (मोटारीच्या टायरमध्ये साधारण ०.२ असतं, यावरून कल्पना करा.) आडवं झाल्यावर ०.१. पाठ गोल करून २० किलो उचलले तर २.३. तेच वजन अंगाजवळ धरलं तर १.१. प्रयोग एकाच माणसावरचा आहे, तेव्हा दशांश चिन्हावर भांडू नका, पण कल कळतो.

यातला सगळ्यात मजेशीर आकडा बसण्याचा. आमच्या शाळेत सिस्टर पाठीत पट्टी टेकवून "सिट स्ट्रेट!" म्हणायच्या. तर ताठ बसल्यावर प्रेशर ०.५५, आणि खुर्चीत मागे रेलून, आपण लेक्चरला बसतो तसं बसल्यावर ०.२७! सिस्टर, माफ करा. पण लास्ट बेंचवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. स्पंज दाबला-सोडला की पाणी आत-बाहेर होतं, तसं हालचालीतून तिचं पोषण होतं. म्हणजे ताठ बसा नाहीतर रेलून बसा, चार तास तसेच बसलात तर दोन्ही वाईट. मी आता मोबाईलवर अर्ध्या तासाचा गजर लावतो आणि उठून पाण्याची बाटली भरून आणतो. पाणी जास्त प्यायलं जातं, त्यामुळे पुढच्या वेळी उठायला गजर लागत नाही!

रात्री झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर तरी उंच असतो. म्हणूनच सकाळी उठल्याउठल्या खाली वाकून जड उचलणं टाळावं. माझी बादली आठवते ना? तीन रात्रींचं बसणं आणि सकाळचं वाकणं, दोन्ही एकत्र आलं.

पण मग चमक गेल्यावरही पाच महिने का दुखलं? हे मला सगळ्यात उशिरा पटलं. दिवाळीत फटाका फुटला की पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म ओरडायला लागतात, चोर कुठेच नसतो. जुनं दुखणं पुष्कळदा तसं असतं. इजा भरून येते, पण मज्जासंस्थेचा अलार्म जास्त सेन्सिटिव्ह होऊन बसतो. अपुरी झोप, परीक्षेचं टेन्शन आणि "माझा कणा गेला" ही भीती, सगळं त्यात भर घालतं. माझी पाठ एक्झामच्या आधी हमखास वाढायची आणि शेवटच्या पेपरनंतर कमी व्हायची. दुखणं खोटं नव्हतं, पण चकती काही टाइमटेबल वाचत नाही!

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये अशा जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आहे, दुखणं समजून घेणं आहे, मानसिक आधार आहे. कंबरेचा बेल्ट आणि ट्रॅक्शन मात्र नेहमीचे उपाय म्हणून नकोत असं म्हटलंय. बाबांचा बेल्ट परत पाठवला (ते वापरतातच, ऐकत नाहीत). फरशीचं म्हणाल तर, स्पेनमध्ये २००३ च्या एका अभ्यासात मध्यम कडक गादी ही खूप कडक गादीपेक्षा बरी ठरली. आपल्या कॉटचा पत्रा मध्ये खोल गेलाय, त्यावर मी प्लायवूड टाकलं आणि वर कापसाची गादी. वॉर्डनना विचारून, हे मुद्दाम लिहितो.

आणि सगळ्यात स्वस्त औषध, चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. नुकतेच पाठदुखीतून बरे झालेले लोक. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचं ध्येय ठेवलेल्या गटात दुखणं परतायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांत ११२. (हे मधलं मूल्य, म्हणजे मीडियन. स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमसाठी!) मी पहिल्या आठवड्यात दहाच मिनिटं चाललो, दुखलंच. डॉक्टर म्हणाले होते, थोडं दुखेल, त्याला घाबरू नकोस, फक्त एकदम वाढवू नकोस. जोडीला संध्याकाळी सेतुबंधासन, आणि रांगत्या बाळासारखं होऊन एक हात पुढे, विरुद्ध पाय मागे, असा दहा-दहा सेकंदांचा व्यायाम. रूम पार्टनर फोटो काढतो, काढू दे. अडीच महिन्यांनी एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून पाठीची आठवणच झाली नाही.

आता जे लिहिण्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला ते. आमच्या विंगमध्ये एक सीनियर होता. रोज सकाळी उठला की तासभर कंबर आखडलेली, भिंतीला धरून चालायचा. पहाटे दुखण्याने जाग यायची. आम्ही त्याला "आजोबा" म्हणायचो. मीही म्हणायचो. गंमत म्हणजे ग्राउंडवर दोन राउंड मारले की तो मोकळा व्हायचा आणि रविवारी झोपून राहिला की जास्त आखडायचा. माझ्या बरोबर उलटं, मी आडवा झालो की बरं वाटायचं. दोन वर्षं त्याने ते "बसून बसून होतं" म्हणून काढलं. मग एका डोळ्याला सूज येऊन तो लाल झाला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनीच विचारलं, "पाठ दुखते का?" निदान निघालं अँकिलोझिंग स्पॉण्डिलायटिस. हा सांध्यांच्या सुजेचा आजार आहे, बहुतेक तरुणपणीच सुरू होतो, आणि वेळेवर उपचार नाही झाले तर मणके एकमेकांना जुळून कणा ताठ होऊ शकतो. आता तो ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे उपचार घेतो, नोकरीही करतो. पण ती दोन वर्षं गेलीच. त्यातली थोडी आमच्या "आजोबा"मुळे गेली असं मला वाटतं. हसण्यावारी नेलं की माणूस सांगायचं बंद करतो.

म्हणून तीन महिन्यांहून जास्त पाठ दुखतेय, सकाळी अर्ध्या तासाच्या वर आखडते आणि हालचालीने बरं वाटतं, असं असेल तर डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तरीही जा, आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून होतो. आणि पायातली ताकद जायला लागली, लघवी अडली किंवा जांघेत, बसण्याच्या जागी बधिर वाटायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री वॉर्डनना उठवा. ते ओरडणार नाहीत, मी विचारून ठेवलंय.

वर्कशॉपमधल्या मामांनाही हा लेख वाचून दाखवला, कारण जॉबचे लोखंडी तुकडे दिवसभर तेच उचलतात. ते म्हणाले, "अंगाजवळ धरायचं तर युनिफॉर्म काळा होतो." यावर माझ्याकडे उत्तर नाही. वर्कशॉपला एक ट्रॉली मिळावी असा अर्ज आम्ही तिघांनी सह्या करून दिला आहे.

बाकी, जेवण झाल्यावर रात्री साडेनऊला आम्ही चार-पाच जण मेन गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत तीन फेऱ्या मारतो. सबमिशनच्या आठवड्यातही. यायचं असेल तर मेसच्या पायऱ्यांवर भेटा, चप्पल नको, बूट घालून या.